शिर्डीच्या वहीतली पहिली ओळ

रविवारी डोंबिवलीला ताईकडे गेले, तर जेवणाच्या टेबलावर शिर्डीच्या सहलीचा हिशेब मांडलेला. भाचीने वहीत नीट आखलं होतं: जाऊन-येऊन साडेचारशे किलोमीटर, गाडीचं अ‍ॅव्हरेज पंधरा, म्हणजे तीस लिटर पेट्रोल. टोलपुढे ठळक शून्य, कारण भावजींनी फास्टॅगचा वार्षिक पास काढलाय, 200 फेऱ्यांचा. मी विचारलं, "अगं, पण जाताय कुठून?" पडघ्यावरून कसारा घाट चढलात तर राष्ट्रीय महामार्गाच्या टोलला तो पास चालेल, आमण्याला समृद्धीवर चढलात तर नाही, तो रस्ता राज्याच्या रस्ते विकास महामंडळाचा. जून 2025मध्ये इगतपुरी-आमणे टप्पा खुला झाला आणि आपला घाट टळला, ते सुख काही फुकट नाही. भाचीने शून्य खोडलं. "मावशी, मग घाटानेच जाऊ, आणि मुक्काम नको, रात्रीच परत." इथे मात्र मी साफ नाही म्हटलं. सहलीच्या हिशेबात पहिली ओळ गाडी चालवणाऱ्याची हवी. घरचाच माणूस चालवतो म्हणून त्याची झोप कुणी धरतच नाही! भावजी सहा दिवस लोकलला लोंबकळतात. सातव्या दिवशी मध्यरात्री त्यांच्या हाती स्टिअरिंग द्यायचं, ही काटकसर नव्हे. पैसे वाचवायचेत तर हॉटेलातलं जेवण वगळा, दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी घरून न्या. भाचीने पान उलटलं आणि नव्या पानावर सगळ्यात वर लिहिलं: बाबांची झोप, खोली, एक रात्र.