चेहऱ्याच्या बधिरतेची निदान-नोंद आणि संकेतांक यांबाबत निवेदन

प्रति,
मा. आयुक्त, ठाणे महानगरपालिका
मा. आयुक्त, कल्याण-डोंबिवली महानगरपालिका
प्रत माहितीसाठी : मा. जिल्हा शल्यचिकित्सक, ठाणे

विषय : चेहरा बधिर झाल्याची तक्रार घेऊन येणाऱ्या रुग्णांच्या केसपेपर, संदर्भचिठ्ठी आणि डिस्चार्ज कार्डावर पूर्ण नोंद व योग्य आयसीडी संकेतांक असण्याबाबत.

महोदय,

‘गाल बधिर झालाय’, ‘ओठ जड वाटतोय’, ‘अर्ध्या तोंडाला मुंग्या येतायत’ असे सांगत आमच्यापैकी कुणी ना कुणी ठाणे, कळवा, डोंबिवली, कल्याण येथील अपघात विभागात पोहोचतो. अनेकदा केसपेपरवर ‘चेहरा बधिर’ एवढे दोनच शब्द उमटतात. कोणती बाजू, केव्हापासून, हातापायात ताकद आहे का, बोलणे अडखळते का, याचा त्यात पत्ता नसतो. हे दोन शब्द अपुरे आहेत आणि त्यांची किंमत रुग्ण मोजतो, म्हणून हे निवेदन.

या एका तक्रारीमागे फार वेगवेगळे आजार असतात. अक्कलदाढ काढताना खालच्या जबड्यातली नस दुखावली तर ओठ व हनुवटी बधिर होते. नागीण, कुष्ठरोगाचा चट्टा, मल्टिपल स्क्लेरोसिस, चेहऱ्याची संवेदना नेणाऱ्या पाचव्या मज्जातंतूचे विकार, हेही असू शकते. आणि पक्षाघातही असू शकतो. मेंदूतली गुठळी विरघळवण्याचे इंजेक्शन साधारणपणे साडेचार तासांच्या आत द्यावे लागते, आणि हे तास रुग्ण शेवटचा ठणठणीत होता त्या क्षणापासून मोजतात. सकाळी उठल्यावर गाल बधिर जाणवला असेल, तर रात्री झोपताना तो बरा होता का आणि किती वाजता, हे लिहिलेच पाहिजे. ‘सकाळपासून’ या नोंदीवर पुढचा डॉक्टर निर्णय घेऊ शकत नाही.

पुष्कळ रुग्ण तोंड वाकडे झाले तरी ‘बधिर’ असेच सांगतात. सातव्या मज्जातंतूच्या लकव्यात, म्हणजे बेल्स पाल्सीत, त्या बाजूची भुवई उचलत नाही, डोळा नीट मिटत नाही. पक्षाघातात कपाळ बहुधा सुटलेले असते. म्हणून संवेदना गेली की ताकद गेली, हे तपासून कागदावर यायला हवे.

डोंबिवलीचे शास्त्रीनगर किंवा कल्याणचे रुक्मिणीबाई रुग्णालय येथून रुग्णाला पुढे कळव्याच्या छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालयात वा मुंबईत सायन, केईएमला न्यावे लागते, तेव्हा सोबत असते ती फक्त चिठ्ठी. बरोबर आलेल्या शेजाऱ्याला सुरुवातीची वेळ ठाऊक नसते. जी माहिती पहिल्या डॉक्टरांनी दोन मिनिटांत विचारली होती, ती चिठ्ठीत नसल्यामुळे पुन्हा शून्यापासून शोधावी लागते.

आता संकेतांकाविषयी. आयसीडी-१० मध्ये, म्हणजे आजारांच्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणाच्या दहाव्या आवृत्तीत, त्वचेची संवेदना जाणे हे आर २०.०, ती कमी होणे आर २०.१ आणि मुंग्या येणे आर २०.२. यातला एकही आकडा चेहरा सांगत नाही, बाजूही सांगत नाही. तळपायाची बधिरता आणि गालाची बधिरता त्याच खान्यात पडते. त्यामुळे संकेतांक लिहिला की काम झाले, असे मानता येत नाही. त्याच्याशेजारी डॉक्टरांचे शब्द हवेतच.

निदान होण्याआधी रुग्णाला दुसरीकडे पाठवले, तर लक्षणाचाच संकेतांक वापरावा, अशी तरतूद आयसीडी-१० मध्येच आहे. तेव्हा संशयावरून आय ६३, म्हणजे मेंदूतील रक्तपुरवठा बंद पडल्याने झालेला पक्षाघात, असे लिहू नये. तो शिक्का पुढे प्रत्येक विमा अर्जावर रुग्णाचा पाठलाग करतो. उलट, तपासण्यांनंतर बेल्स पाल्सी (जी ५१.०) किंवा पाचव्या मज्जातंतूचा विकार (जी ५०) निश्चित झाल्यावरही डिस्चार्ज कार्डावर आर २० तसाच राहिला, तर तोही अन्याय आहे. आरोग्य विम्यात केवळ तपासणीसाठी झालेली भरती वगळणारे एक प्रमाणित कलम आहे. ‘बधिरता, तपासणीसाठी दाखल’ एवढेच कार्डावर असले की दावा त्या कलमात अडकतो, जरी त्या रात्री पक्षाघाताच्या संशयावरून दाखल करणे अगदी योग्य होते. दाव्याच्या अर्जाचा ‘ब’ भाग रुग्णालय भरते, आयसीडी संकेतांकाचा रकाना त्यातच असतो. रुग्णाला तो बहुधा दिसतही नाही.

म्हणून आमच्या मागण्या अशा :

दोन्ही महापालिकांच्या रुग्णालयांत अशा रुग्णाच्या केसपेपरवर एक रबरी शिक्का उमटवावा. त्यात बाजू, कपाळ, गाल की हनुवटी, शेवटचे ठीक असल्याची वेळ, हात, पाय व बोलणे, भुवई व डोळा, रक्तातील साखर, अलीकडचे दंतोपचार आणि अंगावरील पुरळ वा चट्टा, असे रकाने असावेत. यासाठी यंत्र नको, निविदाही नको.

संदर्भचिठ्ठीवर हेच रकाने पाठवणाऱ्या डॉक्टरांच्या सहीसह भरलेले असावेत.

संकेतांक बिलिंगच्या खिडकीवर ठरू नये. उपचार करणाऱ्या डॉक्टरांनी तो पाहून सही करावी, आणि निदान बदलले की संकेतांकही बदलावा. तपासण्या निर्दोष आल्या, तर दाखल करताना कोणता संशय होता व निरीक्षणाची गरज का होती, हे डिस्चार्ज कार्डावर स्पष्ट लिहावे. ही आमची सर्वांत आग्रहाची मागणी आहे.

वैद्यकीय अभिलेख विभागातील कर्मचाऱ्यांना संकेतांकांचे प्रशिक्षण द्यावे. आयसीडी-११ जागतिक पातळीवर १ जानेवारी २०२२ पासून लागू झाली असून तिच्यात पक्षाघात रक्ताभिसरणाच्या प्रकरणातून मज्जासंस्थेच्या प्रकरणात गेला आहे. तयारी आताच हवी.

खासगी नर्सिंग होमची नोंदणी महाराष्ट्र शुश्रूषागृह नोंदणी अधिनियम, १९४९ अन्वये आपल्याच कार्यालयांकडे होते. परिपत्रक काढून हेच नियम त्यांनाही लागू करावेत. रुग्णाने मागितल्यावर ७२ तासांत कागदपत्रे देण्याचे बंधन डॉक्टरांवर २००२ च्या व्यावसायिक आचारसंहितेने घातलेले आहे. त्याचा फलक नोंदणी खिडकीवर लावण्यास सांगावे.

डॉक्टरांवर कामाचा ताण किती आहे, हे बाह्यरुग्ण विभागाच्या रांगेत उभे राहणाऱ्या आम्हाला दिसते. ही तक्रार त्यांच्याविरुद्ध नाही. दोन्ही महापालिकांच्या वैद्यकीय आरोग्य अधिकाऱ्यांची एकत्रित बैठक बोलवावी, आम्हाला त्यात म्हणणे मांडू द्यावे आणि झालेला निर्णय लेखी कळवावा, ही विनंती.

आपले नम्र,
ठाणे, कळवा, डोंबिवली व कल्याण येथील रुग्ण आणि त्यांचे नातेवाईक