अदमास आणि मोजमाप

पेढीवर बसणाऱ्या माणसाला अदमासाची मर्यादा ठाऊक असते. धान्याच्या ढिगाकडे नुसते पाहून वजन सांगणारे जाणते व्यापारी असतात आणि त्यांचा अंदाज सहसा फार चुकत नाही; तरीही सौदा पुरा होतो तो माल काट्यावर चढल्यानंतरच. डोळा थकतो, घाईत असतो, आणि कित्येकदा जे पाहावेसे वाटते तेच पाहतो. व्यवहारातील हा साधा नियम प्रसूतिगृहात मात्र दीर्घकाळ पाळला गेला नाही, आणि त्याची किंमत मातांनी मोजली.

प्रसूतीनंतरच्या अतिरक्तस्रावाने जगात दरवर्षी सुमारे ७० हजार स्त्रिया मृत्यू पावतात. त्यांतील बहुसंख्य आफ्रिका व दक्षिण आशियातील अल्प उत्पन्नाच्या देशांतील असतात. कारण गूढ नाही. दिवस भरलेल्या गर्भाशयाकडे दर मिनिटाला अर्धा लिटर किंवा त्याहूनही अधिक रक्त वाहत असते. वार सुटल्यावर गर्भाशय आकुंचन पावते आणि उघड्या पडलेल्या रक्तवाहिन्या आपोआप दाबल्या जातात. ते शिथिल राहिले तर रक्त थांबत नाही. ५०० मिलिलिटरपेक्षा अधिक स्राव धोक्याचा मानला जातो. जिच्या अंगात मुळातच रक्त कमी, तिची स्थिती तुटपुंज्या भांडवलावर उभ्या असलेल्या दुकानासारखी असते. इतरांना सोसवेल एवढा तोटाही तिला सोसवत नाही.

यावर औषधे नाहीत असे नाही. गर्भाशय आकुंचित करणारे ऑक्सिटोसिन आहे. रक्ताची गुठळी टिकवून धरणारे ट्रॅनेक्झॅमिक आम्ल आहे. अडचण होती ती धोका वेळेवर ओळखण्याची. रक्त कपड्यांत मुरते, गर्भजलात मिसळते, फरशीवर पसरते आणि पुसलेही जाते. एकदम आलेला लोंढा कोणाच्याही ध्यानात येतो. संथपणे वाहणारी धार येत नाही. त्यातच परिचारिका एक आणि प्रसूत होणाऱ्या स्त्रिया अनेक. मग ‘फारसे गेले नाही’ एवढ्या अदमासावर कामकाज चाले.

हा अदमास कितपत खरा, याची परीक्षा महाराष्ट्राच्या सीमेलगत बेळगावात झाली. तेथील जिल्हा रुग्णालयात केलेला एक अभ्यास २००६ साली प्रसिद्ध झाला. काही स्त्रियांचा रक्तस्राव नेहमीप्रमाणे नजरेने ठरवला गेला. इतरांच्या कमरेखाली प्लास्टिकची एक चादर अंथरण्यात आली. तिच्या टोकाला नरसाळ्यासारखी पिशवी आणि पिशवीवर मापाच्या रेघा. नजरेचा अंदाज या मापापेक्षा सुमारे ३३ टक्क्यांनी कमी भरला. रुपयाला सुमारे अकरा आणे दिसणारी ही नजर कोणत्याही पेढीवर टिकली नसती.

मात्र नुसत्या मापाने जीव वाचत नाही; माप पाहून तत्काळ हात चालला पाहिजे. पूर्वी उपाय एकामागून एक होत. एक औषध द्यायचे, वाट पाहायची. गुण आला नाही तर दुसरे. या वाट पाहण्यातच वेळ हातचा जाई. म्हणून बर्मिंगहॅम विद्यापीठाच्या पुढाकाराने केनिया, नायजेरिया, दक्षिण आफ्रिका व टांझानिया या देशांतील ८० रुग्णालयांत ‘ई-मोटिव्ह’ नावाचा मोठा प्रयोग करण्यात आला. दोन लाखांहून अधिक प्रसूतींची नोंद त्यात झाली. रेघांच्या पिशवीने धोका ओळखायचा आणि लगेच गर्भाशयाचे मर्दन, आकुंचनाचे औषध, ट्रॅनेक्झॅमिक आम्ल, शिरेतून द्रव व तपासणी हे सारे एकत्र सुरू करायचे, अशी रीत निम्म्या रुग्णालयांना शिकवण्यात आली.

२०२३ साली प्रसिद्ध झालेले निष्कर्ष बोलके आहेत. नेहमीच्या रीतीने चालणाऱ्या रुग्णालयांत अतिरक्तस्रावाच्या निम्म्याच घटना, म्हणजे ५१ टक्के, ओळखल्या गेल्या. नव्या रीतीत ९३ टक्के. एक लिटर वा अधिक रक्त जाणे, त्यापायी पोटाची शस्त्रक्रिया किंवा मृत्यू, यांचे एकत्रित प्रमाण ४.३ टक्क्यांवरून १.६ टक्क्यांवर आले. यातील एक तपशील विशेष विचार करण्याजोगा आहे. जुन्या रीतीच्या रुग्णालयांतही रक्त पिशवीतच गोळा होत होते, कारण प्रयोगासाठी ते नंतर तोलायचे होते. मात्र त्या पिशव्यांवर रेघा नव्हत्या. रक्त डोळ्यांसमोर साठत होते आणि तरीही निम्म्या वेळा धोका दिसला नाही.

जैन व्यापारी कुटुंबांच्या दानपरंपरेला या तपशिलात विचारार्थ काही आहे. औषधदान व अभयदान यांचे माहात्म्य प्रत्येक घरात ठाऊक आहे. न्यासांकडून रुग्णालयांना कक्ष दिले जातात, यंत्रे दिली जातात, आणि संगमरवरी पाटीवर नाव कोरले जाते. ते सत्कार्यच होय. परंतु वापरून टाकून द्यायच्या पिशवीवर कोणाचे नाव कोरता येत नाही. ऑक्सिटोसिन २ ते ८ अंश तापमानात राहिले नाही तर त्याचे बळ घटते. ते सांभाळणाऱ्या शीतपेटीचा किंवा परिचारिकांच्या प्रशिक्षणाचा उद्घाटनसमारंभही होत नाही. विश्वस्तांनी देणगीपूर्वी प्रसूतिगृहाला एवढेच विचारावे: येथे रक्त मोजतात की नजरेने ठरवतात?

घरालाही यात कर्तव्य आहे. सुनेचे वा लेकीचे हिमोग्लोबिन आरंभीच तपासून, कमी असल्यास प्रसूतीपूर्वी भरून काढणे हे पहिले. दुसरे त्याहून सोपे आणि म्हणूनच विसरले जाणारे. बाळ बाहेर आणताच सारे कुटुंब त्याच्याभोवती जमते, फोन सुरू होतात, पेढे मागवले जातात. मातेच्या दृष्टीने तोच तास सर्वांत जोखमीचा असतो. त्या तासात एका तरी वडीलधाऱ्या स्त्रीने बाळाकडे पाठ करून मातेची विचारपूस करावी. चेहरा पांढरा पडला, घाम सुटला, अस्वस्थता वाढली, तर परिचारिकेला बोलावण्यात संकोच करू नये.

जैन विचारात प्रमाद, म्हणजे बेसावधपणा, हा हिंसेच्या मुळाशी मानला आहे. हात उगारला तरच हिंसा होते असे नाही. जे पाहायला हवे ते न पाहिल्यानेही जीव जातो. पिशवीवरील त्या चार रेघा म्हणजे सावधपणाचीच खूण आहे. व्यापाऱ्याच्या घरी त्या रेघांचे मोल कोणाला समजावून सांगावे लागू नये.