विमा हा उपकार नव्हे!

मृगाच्या सरी कोसळू लागल्या की गोव्यातील गॅरेजांसमोर बंद पडलेल्या मोटारींची रांग लागते. २०२१ च्या जुलैत सत्तरी-डिचोलीत पूर आला, तेव्हा घरांबरोबर दारातली वाहनेही पाण्यात गेली होती. अशा वेळी वर्षानुवर्षे नियमाने हप्ते भरणारा मोटारमालक विमा कंपनीच्या दारात उभा राहतो, तो हक्कदार म्हणून नव्हे, तर याचक म्हणून. या वृत्तीविषयी चार शब्द लिहिणे आम्हांस अगत्याचे वाटते.

मालकाचे चुकते कोठे, हे आधी सांगितले पाहिजे. पाण्यात बंद पडलेली गाडी तो पुन्हा पुन्हा किल्ली फिरवून सुरू करू पाहतो. पाणी इंजिनात ओढले जाते, आतील भाग वाकतात आणि कंपनीला आयते निमित्त मिळते. नुकसान पुराने नव्हे, तुमच्या उतावळेपणाने झाले, असे ती म्हणते. आणि इंजिनासाठी जादा हप्ता भरून वेगळे संरक्षण घेतलेले नसेल, तर तिचे म्हणणे खोडून काढणे कठीण जाते. रबर व प्लॅस्टिकचे भाग आणि बॅटरी यांवर साध्या पॉलिसीत ५० टक्के घसारा कापला जातो, हेही कोणी वाचत नाही. विकणारा तर ते आपण होऊन सांगणार नाहीच!

परंतु ग्राहक गाफील राहिला म्हणून कंपनीला मनमानीची मुभा मिळत नाही. नेहमीचा अनुभव असा की, सर्व्हेअर येतो, आकडे छाटतो, अहवाल कंपनीकडे जातो आणि मालकाच्या हाती येते ती केवळ एक छापील पावती. तीवर लिहिलेले असते, ‘पूर्ण व अंतिम’. इकडे गॅरेजवाला बिल भागल्याशिवाय गाडी सोडीत नाही. बिचारा सही करतो आणि आता सारे संपले, असे समजून घरी जातो.

ते तसे संपत नाही. फसवून किंवा दडपण आणून घेतलेल्या अशा सहीमुळे ग्राहकाचा हक्क बुडत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने १९९९ सालीच सांगितले आहे. सर्व्हेअरचा अहवाल हा अखेरचा शब्द नव्हे, हेही त्याच न्यायालयाने २००९ मध्ये स्पष्ट केले. मात्र येथे एक मेख आहे. दडपण होते हे सिद्ध करण्याचा भार सही करणाऱ्यावर पडतो आणि महिन्यांनंतर आठवलेले दडपण कोणी सहसा मानीत नाही. म्हणून सही करावीच लागली, तर रक्कम मान्य नसल्याचे पत्र त्याच दिवशी कंपनीला धाडावे, पोच घ्यावी आणि अहवालाची प्रत मागावी. ती मागण्याचा विमाधारकाला अधिकार आहे.

लेखी मागणे आमच्या लोकांच्या अंगवळणी पडलेले नाही. साडेचारशे वर्षांच्या परकीय अमलाने मोहोर उठवलेल्या कागदापुढे मान तुकवण्याची जी सवय लावली, ती १९६१ नंतरही पुरती सुटली नाही, असे आम्हांस कधी कधी वाटते. वास्तविक २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने वाट बरीच सोपी केली आहे. कंपनीचे मुख्य कार्यालय मुंबईत असो वा चेन्नईत, तक्रार आपण राहतो त्या जिल्ह्याच्या आयोगापुढे करता येते. मोटारमालकाने भरलेला हप्ता पाच लाखांच्या आतच असतो आणि तेवढ्या मर्यादेपर्यंत तक्रारीला शुल्क नाही. वकील देण्याची सक्ती नाही. मुदत दोन वर्षांची आहे. आयोगाकडे जाण्याऐवजी विमा लोकपालांचा मार्गही मोकळा आहे आणि तोही विनाशुल्क.

हे सारे कायद्यात आहे. पेडणे-काणकोणच्या मोटारमालकापर्यंत ते पोहोचलेले नाही. राज्याच्या ग्राहक व्यवहार खात्याने मे महिन्यातच प्रत्येक तालुक्याच्या ठिकाणी एक दिवस बसून ही माहिती मराठीत व कोकणीत लोकांना द्यावी आणि तक्रारीचा साधा नमुना पंचायतींतून उपलब्ध करावा, अशी आमची सूचना आहे. त्यास फार पैसा लागणार नाही.