भयाचा पक्षपात

सप्टेंबर १९९४ मध्ये सुरतेत फुप्फुसाच्या प्लेगने माणसे दगावू लागली आणि अवघ्या काही दिवसांत लाखो लोकांनी ते शहर सोडले. हिऱ्यांच्या कारखान्यांतील आणि यंत्रमागांवरील कामगार मिळेल त्या गाडीने आपापल्या मुलखाकडे निघाले. पळणाऱ्यांत खाजगी दवाखाने चालवणारे कितीतरी डॉक्टरही होते. टेट्रासायक्लीनच्या गोळ्या, सुरतेचे सोडाच, मुंबई-दिल्लीच्या दुकानांतूनही दिसेनाशा झाल्या. आखातातील अनेक देशांनी भारतातून येणारी विमाने थांबवली. आपल्यापैकी ज्यांची चूल आखाती पगारावर पेटत होती, त्यांना ते दिवस आठवत असतील. साथ ओसरली तेव्हा मृतांचा आकडा पन्नाशीच्या जरासा पुढे होता.

त्या काळात आपल्या देशात क्षयरोगाने दररोज हजाराहून अधिक माणसे मरत होती. म्हणजे प्लेगने साऱ्या साथीत जेवढे बळी घेतले, तेवढे क्षयाने सुमारे सव्वा तासात घेतले. जागतिक आरोग्य संघटनेने आदल्याच वर्षी, १९९३ मध्ये, क्षयरोग ही जगावरची आणीबाणी असल्याचे जाहीर केले होते. त्यापायी कोणी गाव सोडले नाही, की कोणी नाकाला रुमाल बांधला नाही.

हा हिशेब मांडला की आपल्यातील सुशिक्षित मंडळी गालातल्या गालात हसतात. ‘लोक अडाणी, आकडे पाहत नाहीत, अफवा ऐकतात,’ असा त्यांचा निवाडा असतो. या हसण्यात मला सामील होता येत नाही. रस्त्यावरचा अपघात संसर्गजन्य नसतो. आज दहा अपघात झाले म्हणून पुढच्या आठवड्यात वीस, त्यापुढच्या आठवड्यात चाळीस होत नाहीत. साथीचे गणित निराळे असते. पहिल्या दिवसाचा लहान आकडा तिथे काहीच सांगत नाही. मार्च २०२० मध्ये ‘यापेक्षा रस्त्यावर जास्त माणसे मरतात’ असे ठासून सांगणारे विद्वान नाक्यानाक्यावर भेटत होते. एप्रिल-मे २०२१ मध्ये दफनभूमी आणि स्मशाने अपुरी पडली, तेव्हा ते कोठे गेले, कोणास ठाऊक! कोरोनाच्या बळींची सरकारी नोंद पाच लाखांच्या वर गेली. २०२० आणि २०२१ या दोन वर्षांपुरता जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज तर सुमारे सत्तेचाळीस लाखांचा आहे. तेव्हा घाबरलेली माणसे मूर्ख नव्हती. सुरतेचेच पाहा. प्लेगच्या धसक्यानंतर १९९५ मध्ये आलेले महापालिका आयुक्त एस. आर. राव यांनी ते गलिच्छ शहर झाडून-धुऊन काढले आणि पुढे देशातील अतिस्वच्छ शहरांत त्याची गणना होऊ लागली. उकिरड्याला आणि उंदराला भिणे हे शहाणपणच होय.

माझा आक्षेप भयाच्या पक्षपाताला आहे. सुरतेच्या आधी, ऑगस्ट १९९४ मध्ये, बीड जिल्ह्यातील मामला या खेड्यात गाठीच्या प्लेगचे रुग्ण आढळले होते. तेव्हा देशाची झोप उडाली नाही. प्लेग आगगाडीच्या वाटेवरील मोठ्या शहरात शिरला, विमानात बसू शकेल अशी शंका आली, तेव्हा ती उडाली. रोग किती माणसे मारतो हे आपण विचारत नाही. तो माझ्या उंबरठ्यापर्यंत येईल काय, एवढेच विचारतो. क्षय चाळीतला, झोपडीतला, कोंदट खोलीतला. तो ‘त्यांचा’ रोग. वास्तविक तोही हवेतूनच पसरतो आणि विरार लोकलच्या डब्यात कोणाचा श्वास कोणाच्या छातीत जातो, याची नोंद कोणी ठेवत नाही.

आणि ती लोकल तरी काय कमी आहे? २०२३ या एका वर्षात मुंबईच्या उपनगरी रेल्वेमार्गांवर अडीच हजारांहून अधिक माणसे मेली. कोणी रूळ ओलांडताना, कोणी दारातून पडून. म्हणजे दररोज सात. वसई-नालासोपाऱ्याहून आपली तरुण मुले रोज सकाळी त्याच दाराच्या दांड्याला धरून चर्चगेटकडे जातात. कोरोनात भाजीची जुडी साबणाच्या पाण्यात बुडवणारी आई आज डबा हातात देऊन ‘सांभाळून जा रे’ एवढेच म्हणते. तिला बोल लावण्यात अर्थ नाही. मुलाला दुसरी गाडी कोठे आहे? परंतु दररोजच्या सात मृत्यूंना ‘गर्दी’ असे नाव देऊन स्वस्थ बसलेल्या राज्यकर्त्यांना आणि ते नाव मुकाट्याने स्वीकारणाऱ्या आपणा सर्वांना बोल लावलाच पाहिजे. रस्त्यांवर २०२२ मध्ये देशभरात १,६८,४९१ माणसे गेली. हात धुतल्यावाचून चर्चच्या दारात पाऊल न टाकणारे गृहस्थ आता रविवारच्या मिस्साला येतात ते पुढे एक मूल, मागे पत्नी आणि तिच्या मांडीवर दुसरे मूल अशा थाटात. हेल्मेट आरशाला टांगलेले असते. बहुधा आरशाच्या रक्षणासाठी.

शिवाय भय एकटे येत नाही, शेजाऱ्याला शत्रू करून येते. एप्रिल २०२० मध्ये चेन्नईत कोरोनाने मृत्यू पावलेल्या एका ख्रिस्ती डॉक्टरांची शवपेटी नेणाऱ्या गाडीवर जमावाने हल्ला केला. त्यांच्या एका सहकारी डॉक्टराने अखेर रात्री, स्वतःच्या हातांनी माती लोटून त्यांना पुरले. १८९६ च्या प्लेगमध्येही लाखो लोक मुंबई सोडून पळाले होते, हे खरे. पण त्याच प्लेगने वांद्र्याच्या गल्लीगल्लीत क्रूस उभे केले. मरण दाराशी असताना तिथली माणसे त्यांच्यापुढे एकत्र येऊन प्रार्थना करीत. पुण्यात सावित्रीबाई फुले रुग्णांची सेवा करता करता त्याच रोगाने १० मार्च १८९७ रोजी निवर्तल्या. त्यांनाही भय वाटले असेलच.

कोरोनाच्या भयाचा एक हिशेब अजून मांडला गेलेला नाही. २०१९ मध्ये देशात क्षयाच्या सुमारे चोवीस लाख रुग्णांची नोंद झाली होती. २०२० मध्ये ती अठरा लाखांवर आली. रोग घटला नव्हता, रुग्ण शोधणारे हात दुसरीकडे गुंतले होते. २०२३ मध्येही या रोगाने आपल्याकडे तीन लाखांहून अधिक माणसे नेली, असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे. सरकारी दवाखान्यात औषध फुकट मिळते आणि साध्या क्षयाला सहा महिने पुरतात. घराघरांत मात्र त्याला ‘जुना खोकला’ म्हणतात, कारण मुलीचे लग्न ठरायचे असते. क्षयाचे भय आपल्याला नाही असे नाही. पण ते रोगाचे नसून बोभाट्याचे आहे.

कोरोनात आपल्या धर्मग्रामांतून स्वयंसेवकांची पथके निघाली. कोणाला ताप आहे, कोणाकडे शिधा नाही, याची घरोघर चौकशी झाली आणि ती उत्तम झाली. त्या पथकांच्या वह्या अजून कोठेतरी कपाटात असतील. त्याच घरांत पुन्हा जाऊन एवढेच विचारायचे आहे : दोन आठवड्यांहून अधिक खोकला कोणाला आहे काय? नाव मोठ्याने न घेता त्याला दवाखान्यापर्यंत पोहोचवायचे आहे आणि सहाव्या महिन्यापर्यंत त्याच्या गोळ्यांची आठवण ठेवायची आहे. पावसाळ्यापूर्वी हे काम हाती घेण्यास कोणत्या धर्मग्रामाची काय अडचण आहे, ते मला ऐकायचे आहे.