ओढीचा तपास आधी, दुरुस्ती मागाहून

शाहू मार्केट यार्डात गुळाचे रवे उतरवून आलेला पिकअपचालक ‘गाडी डावीकडे ओढते’ अशी फिर्याद घेऊन उद्यमनगरातील गॅरेजात उभा राहतो, तेव्हा त्याची कैफियत पुरती ऐकण्यापूर्वीच चाकांच्या अलाइनमेंटचा हुकूम सोडण्याचा जो शिरस्ता पडला आहे, तो मला सर्वस्वी अन्याय्य वाटतो. पाणी वाहून जावे म्हणून आपले रस्ते मधोमध उंच ठेवलेले असतात, तेव्हा डाव्या अंगाने चालणारे वाहन किंचित डावीकडे झुकणे स्वाभाविकच. म्हणून परीक्षा सपाट रस्त्यावर, आणि टायरमधील हवा समान करूनच व्हावी. तरीही ओढ राहिली, तर पुढची चाके परस्परांत बदलावीत. दिशा पालटली की दोष टायरचा; न पालटली, तर ब्रेक पाहावेत. गगनबावड्याकडून आलेल्या एका गाडीच्या चाकांजवळ मी तळहात नेला, तो उजवे कोमट आणि डावे तव्यासारखे तापलेले. ब्रेक सुटतच नव्हता, आणि अलाइनमेंटचे पैसे मात्र दोनदा गेले होते! मागच्या स्प्रिंगच्या पाट्यांचा मधला बोल्ट तुटून अ‍ॅक्सलच सरकला असेल, तर पुढची चाके कितीही जुळवली तरी व्यर्थ. खेपेच्या भाड्यावर ज्याचा संसार चालतो, त्याला कारागिराने काय तपासले आणि काय आढळले, हे बिलावर लिहून द्यावे.