कुणीतरी विचारायला हवं!

‘रवांडा’ म्हटलं की मला पूर्वी फक्त गोरिला आठवायचे. एम.ए.ला ‘मानवी हक्क’ हा विषय घेतला आणि कळलं, की १९९४ मध्ये एप्रिल ते जुलै या साधारण शंभर दिवसांत तिथे सुमारे आठ लाख माणसं मारली गेली. बहुतेक तुत्सी जमातीची. मारणारे कोण? तर पुष्कळदा शेजारीच. मी वहीत ‘८ लाख’ लिहिलं आणि खाली रेघ मारली. परीक्षेला येण्यासारखं होतं ना!

पुढच्या तासाला मॅडमनी तिथल्या आरटीएलएम या रेडिओबद्दल सांगितलं. १९९३ मध्ये सुरू झालेलं हे केंद्र गाणी लावायचं, गप्पा मारायचं, विनोद करायचं. आणि त्याच हसत्याखेळत्या आवाजात तुत्सींना ‘झुरळं’ म्हणायचं. झुरळ दिसलं की काय करायचं, हे कुणाला वेगळं सांगावं लागतं का?

मी चपापले. आदल्याच आठवड्यात आमच्या घरच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर एका समाजाला ‘वाळवी’ म्हणणारा विनोद आला होता. काकांनी टाकलेला. खाली हसऱ्या चेहऱ्यांची रांग. त्यात एक माझाही होता.

एका विनोदानं कत्तल होते, असं मी म्हणत नाही. तिथे बेल्जियन राजवटीपासून ओळखपत्रावर जमात लिहिलेली होती, सत्तेची लढाई होती, सैन्य होतं. पण शेजाऱ्यावर हत्यार उगारण्याआधी त्याला माणसांतून काढावं लागतं, एवढं मात्र पटलं.

मग माझ्यासारखीनं करायचं काय? उत्तर सापडलं ते नवी पिल्ले यांच्यात. दक्षिण आफ्रिकेतल्या दरबानच्या, तमिळ वंशाच्या, बस ड्रायव्हरची ही मुलगी. रवांडातल्या ताबा इथला नगरप्रमुख अकायेसू याचा खटला टांझानियात अरुशाला चालला, तेव्हा त्या खंडपीठावर त्या एकट्याच महिला न्यायाधीश होत्या. मूळ आरोपपत्रात बलात्काराचा उल्लेखच नव्हता. एका साक्षीदार बाईनं बोलता बोलता आपल्या लेकीवरच्या अत्याचाराबद्दल सांगितलं. पिल्ले यांनी ते तिथेच सोडलं नाही, पुढचे प्रश्न विचारले. आणखी बायका बोलल्या. १९९७ मध्ये आरोपपत्र बदललं आणि २ सप्टेंबर १९९८ च्या निकालात, बलात्कार हेही वंशसंहाराचं कृत्य ठरू शकतं, असं आंतरराष्ट्रीय न्यायालयानं पहिल्यांदाच मान्य केलं.

आता ‘बघा, बाई होती म्हणून!’ असं म्हणत हुरळून जायला नको. त्याच देशाच्या कुटुंबकल्याण आणि महिला विकासमंत्री पोलिन न्यिरामासुहुको यांना २०११ मध्ये वंशसंहाराबद्दल दोषी ठरवलं गेलं. बलात्कारांची जबाबदारीही त्यांच्यावर ठेवली गेली. बाई असणं पुरत नाही. विचारावं लागतं.

त्या रात्री मी ग्रुपवर लिहिलं, ‘काका, वाळवी म्हणजे नक्की कोण? आपल्या वरच्या मजल्यावरच्या काकूसुद्धा का?’ दोन तास सगळे गप्प. मग काका म्हणाले, ‘अगं, गंमत होती.’ आणि लगेच आईचा फोन, ‘कशाला वाईटपणा घेतेस?’

तेव्हा मला उत्तर सुचलं नाही. आज सुचतंय. न्यायालयात प्रश्न विचारायची वेळ येते, तेव्हा फार उशीर झालेला असतो गं आई. तो विनोद चालू असतानाच विचारायला हवा. येऊ दे थोडा वाईटपणा.