जागा न सांगणारी दाद

आमच्या महाविद्यालयांतील एका तरुण सहकाऱ्यानें परवां चहा घेतां घेतां असा सिद्धान्त मांडिला कीं, टीकाकाराचें युग आतां संपलें. यापुढें कलाकृतीविषयीं चार मित्रांनीं बोलावें आणि त्या बोलण्याची पारख ऐकणाऱ्यांनीं करावी. मधल्या पंडिताची कोणास गरज उरलेली नाहीं. प्रमाण म्हणून त्यानें खिशांतला फोन काढून आमच्यापुढें धरिला. इंग्लंड-अमेरिकेंत पॉडकास्टांचा एक प्रकार हल्लीं बराच लोकप्रिय आहे. दोघे-तिघे जुने मित्र एखादा नांवाजलेला जुना अल्बम निवडतात, बीटल्सचा 'सार्जंट पेपर' घ्या, माइल्स डेव्हिसचा 'काइंड ऑफ ब्लू' घ्या, आणि त्यावर तास-दीड तास गप्पा मारतात. ऐकणारे त्या कार्यक्रमास एकापासून पांचापर्यंत तारे देतात व जोडीला चार ओळी लिहितात. त्या ओळी दाखवून आमचा सहकारी म्हणाला, "सर, लोकशाहींतली टीका ती हीच." तासाची घंटा झाली, म्हणून त्या वेळीं आम्हीं उत्तर दिलें नाहीं. तें येथें देतों.

प्रथम एक गोष्ट स्पष्ट करणें अवश्य आहे. आमचा रोख त्या बोलणाऱ्या मित्रांवर नाहीं. संगीताविषयीं बोलण्याचा अधिकार केवळ संगीतज्ञांस आहे असें आम्हीं कधींहि मानलें नाहीं. इंग्लंडांत १९२३ सालीं 'ग्रामोफोन' मासिक निघालें व त्यानें ध्वनिमुद्रिकांच्या परीक्षणाला शिस्त लावून दिली. तें काढणारा कॉम्प्टन मॅकेन्झी हा कादंबरीकार होता, गवई नव्हता. गप्पा या प्रकाराशींहि आमचें वैर नाहीं. गोविंदराव टेंबे यांचा 'माझा संगीत व्यासंग' हा १९३९ मधील ग्रंथ ज्यांनीं वाचला असेल, त्यांस गुणी माणसांच्या सहवासांत कान कसे तयार होतात हें निराळें सांगावयास नको. आणि स्वतःचेंच सांगावयाचें तर, आम्ही चौघे मित्र गेलीं वीस-बावीस वर्षें महिन्यांतल्या एका रविवारीं सकाळीं जमतों, एक तबकडी लावतों, आणि दुपारचीं पानें मांडलीं जाईपर्यंत भांडतों. तेव्हां मित्रांनीं अल्बमविषयीं बोलूं नये असें आम्हीं कोणत्या तोंडानें म्हणावें? आमची तक्रार आहे ती ऐकणाऱ्यांच्या मतांविषयीं. आणि त्याहूनहि अधिक, त्या मतांना टीका म्हणणाऱ्यांविषयीं.

त्या संध्याकाळीं आम्हीं घरीं बसून अशा तीन-चार कार्यक्रमांखालचीं मतें चिकाटीनें वाचलीं. बहुतेकांचें म्हणणें एकच: आपल्याच मित्रांत बसल्यासारखें वाटतें, गाडी चालवितांना, भांडीं घांसतांना यांची सोबत असते, हंसून हंसून मुरकुंडी वळते. पांच तारे. याच्या उलट कांहीं चिडलेले: हे लोक फार खिदळतात, अल्बमवर यावयास वीस मिनिटें लावतात, ड्रम कोणीं वाजविले तेंहि यांना धड ठाऊक नाहीं. एक तारा. मधूनमधून एखादा दुखावलेला भक्त येतो. ज्या अल्बमवर त्याचें तारुण्य गेलें, त्याला या मित्रांपैकीं कोणीं तरी कंटाळवाणा म्हटलेलें असतें. तोहि एकच तारा देतो, आणि पुन्हां म्हणून ऐकणार नाहीं अशी प्रतिज्ञा करतो. ॲपल कंपनीच्या सूचींत तारे एका भागाला देतां येत नाहींत, सबंध कार्यक्रमालाच द्यावे लागतात. त्यामुळें एका अल्बमच्या अपमानाबद्दल बाकीच्या सगळ्या अल्बमांना दंड होतो, हें जातां जातां नमूद करूं.

आतां या मतांत उणें काय तें पाहावें. प्रेमळ काय, चिडके काय, दुखावलेले काय, सगळे बोलणाऱ्या माणसांविषयीं लिहितात. संगीत त्यांत नाहीं. 'अमक्या गाण्यांत दुसऱ्या कडव्याखालीं बास गिटार थांबतें असें तुम्ही म्हणालां. मीं पुन्हां लावून पाहिलें, तें थांबत नाहीं, नुसतें खालच्या सुरावर जातें', अशा धर्तीचें मत आम्हांस फार शोधावें लागलें. दोन मिळालीं. दोहोंचे तारे चारच होते. यावरून तीं लिहिणारीं माणसें खरोखर ऐकत असावींत असें आम्हांस वाटतें.

आपल्याकडे गाण्यासंबंधीं 'जागा' असा एक शब्द आहे. अमुक गवयाची तमुक जागा, असें आपण म्हणतों, आणि ती जागा हाताच्या बोटांनीं हवेंत काढूनहि दाखवितों. मैफलींत जाणत्याची मान हलते ती या जागेवर. समेला येण्यापूर्वीं गवई क्षणभर रेंगाळतो, आणि मग असा येतो कीं, सगळ्या बैठकीच्या तोंडून एकदम 'वाहवा' निघते. तीच वाहवा दोन मात्रा उशिरां आली तर लोक मागें वळून पाहतात; जोडे घालतांना दिली तर ती दाद नव्हे, शिष्टाचार होय. गवई मोठा मनमिळाऊ आहे, त्याच्याजवळ बसलें म्हणजे बरें वाटतें, असें म्हणणाराला आपण गवयाचा स्नेही म्हणूं. रसिक म्हणणार नाहीं. दाद खरी कीं खोटी हें मुळीं कळतें तेंच ती जागेला चिकटलेली असते म्हणून. जागा सोडून दिलेल्या दादेशीं वादसुद्धां घालतां येत नाहीं, कारण पाय कोठें रोवावयाचा हेंच कळत नाहीं.

उदाहरणावांचून हें बोलणें पोकळ वाटेल, म्हणून वर उल्लेखिलेला 'काइंड ऑफ ब्लू'च घेऊं. त्याचें ध्वनिमुद्रण न्यूयॉर्क येथें कोलंबिया कंपनीच्या तिसाव्या रस्त्यावरील स्टुडिओंत १९५९ सालीं दोन बैठकींत झालें, २ मार्च आणि २२ एप्रिल. पहिल्या बैठकींतील तीन रचना तबकडीच्या पहिल्या बाजूवर आल्या. त्या दिवशीं मुख्य यंत्राची फीत ठरल्याहून किंचित् मंद फिरत होती. मंद फिरणाऱ्या फितीवर घेतलेलें वादन पुढें नेहमींच्या गतीनें लाविलें म्हणजे तें थोडें जलद होतें आणि थोडें चढतें. यामुळें पहिली बाजू सबंधच्या सबंध चढी निघाली. अर्ध्या स्वराहून कमी, पण निश्चित. दुसरी बाजू बरोबर. ही चूक सुधारून अल्बम बाहेर पडला तो १९९२ सालीं. म्हणजे जाझमधील बहुधा सर्वांत अधिक वाखाणलेली तबकडी जगानें तेहतीस वर्षें अर्धी चढ्या सुरांत ऐकली. 'ब्लू इन ग्रीन' या रचनेच्या खिन्नतेवर काय थोडें लिहिलें गेलें आहे! ती खिन्नता पहिल्या बाजूवर आहे.

आतां असें समजा कीं, या अल्बमवर बोलतांना मित्रांपैकीं एकजण म्हणाला, 'पहिल्या बाजूंत मला एक ताण जाणवतो, तो दुसऱ्या बाजूंत नाहीं.' हें विधान मोलाचें कीं फुकाचें? तें ठरवावयाचें तर त्याला प्रथम विचारलें पाहिजे: तुमच्याजवळची प्रत कोणत्या सालची? १९९२ पूर्वींची असेल तर त्याच्या कानाला आम्ही नमस्कार करूं. नंतरची असेल तर ताणाचें कारण दुसरीकडे शोधावें लागेल. कदाचित् वादनांत, कदाचित् त्याच्या स्वतःच्या कल्पनेंत. हा प्रश्न विचारणें हें ऐकणाराचें काम आहे. तो विचारीत नाहीं. तो लिहितो कीं, तुमचा आवाज झोपण्यापूर्वीं ऐकावयास बरा वाटतो.

'सार्जंट पेपर'ची कथा याहून बोधप्रद आहे. हा अल्बम १९६७ च्या उन्हाळ्यांत निघाला तेव्हां सर्वत्र जयजयकार चालला असतां 'न्यूयॉर्क टाइम्स'मध्यें रिचर्ड गोल्डस्टीन नांवाच्या तरुण टीकाकारानें त्याचें प्रतिकूल परीक्षण लिहिलें. स्टुडिओंतील करामतींचा इतका साज चढविला आहे कीं, त्याखालीं गाणें गुदमरतें, असा त्याचा आक्षेप होता. मात्र शेवटच्या 'अ डे इन द लाइफ'ची त्यानें मोकळ्या मनानें स्तुति केली. वर्तमानपत्राकडे निषेधाच्या पत्रांचा पाऊस पडला. पुढें गोल्डस्टीननेंच सांगून टाकलें कीं, त्या वेळीं त्याच्या घरच्या यंत्राच्या दोन कर्ण्यांपैकीं एक बिघडलेला होता. करामती फार झाल्या असें ज्याचें म्हणणें, त्यानें त्या अर्ध्याच ऐकल्या होत्या! आमच्या मतें त्याचा निर्णय चुकला. तरी पण तें परीक्षण आजहि वाचावें अशा योग्यतेचें आहे. कारण कोणतें गाणें कां पडलें आणि कोणतें कां तरलें हें तो सांगतो, आणि म्हणूनच तो कोठें चुकला हें आपणांस बोट ठेवून दाखवितां येतें. जयजयकार करणाऱ्यांचें मत बरोबर होतें खरें, पण त्यांतल्या पुष्कळांना तें बरोबर कां, हें विचारलें असतें तर काय उत्तर मिळालें असतें कोण जाणे.

आणि कोणता 'सार्जंट पेपर' हाहि प्रश्न आहेच. एका कर्ण्यासाठीं केलेल्या मोनो मिश्रणाच्या वेळीं बीटल्स स्वतः हजर असत; दोन कर्ण्यांचें स्टिरिओ मिश्रण त्यांच्या पश्चात् उरकण्यांत आलें. 'शी'ज लीव्हिंग होम' हें गाणें मोनो तबकडीवर स्टिरिओहून जलद आहे व सुमारें अर्ध्या स्वरानें चढें आहे. घर सोडून जाणाऱ्या मुलीच्या त्या गाण्यांत एका तबकडीवर निघून जाण्याची घाई आहे, तर दुसरीवर आईबापांचा विलाप जड होऊन रेंगाळतो. जाइल्स मार्टिननें २०१७ सालीं नवें मिश्रण केलें तेव्हां मोनोचाच आदर्श पुढें ठेविला. असें असतां हें गाणें रडवें आहे कीं नाहीं यावर दोन श्रोते ताऱ्यांनीं एकमेकांचीं डोकीं फोडतात, आणि दोघांपैकीं एकहि सांगत नाहीं कीं आपण कोणतें ऐकलें!

यावर आमचा सहकारी दोन आक्षेप घेईल. त्यांतला पहिला सोपा आहे. या कार्यक्रमांत गाणीं वाजवितांच येत नाहींत, स्वामित्वहक्काचा कायदा आड येतो, मग श्रोत्यानें संगीताविषयीं काय बोलावें? गोष्ट खरी आहे. बी.बी.सी.चा 'डेझर्ट आयलंड डिस्क्स' हा कार्यक्रम १९४२ सालचा, पण त्याचा पॉडकास्ट काढावयाची वेळ आली तेव्हां गाणीं तोकडीं करावीं लागलीं. परंतु यावरून आमचाच मुद्दा बळकट होतो. संगीत कार्यक्रमांत नाहीं म्हणूनच तें श्रोत्यानें आणावयाचें आहे. गप्पा ऐकून झाल्यावर उठून तबकडी लावणारा जर कोणी नसेल, तर ही पाकशास्त्रावरची चर्चा उपाशी माणसांत चालली आहे.

दुसरा आक्षेप अवघड आहे, आणि तो घेतांना आमच्या सहकाऱ्याचा आवाज थोडा खालीं येईल हें आम्हांस ठाऊक आहे. तो परगांवीं एकटा राहतो. माणसें एकटीं आहेत, रात्रीं दोन मैत्रीचे आवाज कानावर पडले तर त्यांत कोणाचें काय गेलें, असें तो विचारील. कांहीं गेलें नाहीं. एकटेपणाला आम्ही हंसत नाहीं. आमच्या चौघांपैकीं एकजण मागच्या वर्षीं वारला, आणि तेव्हांपासून कांहीं महिने आम्हींहि असाच एक कार्यक्रम रात्रीं दिवा मालवून ऐकत होतों. त्याला पांच तारे देऊन चार ओळीहि लिहिल्या. हा लेख लिहिण्यापूर्वीं त्या काढून वाचल्या. वर ज्यांची टर उडविली त्या मतांत आणि आमच्या मतांत काडीचा फरक नाहीं. त्या चार ओळींत एकहि स्वर नाहीं. त्या कृतज्ञतेच्या ओळी होत्या, आणि कृतज्ञता म्हणून आम्ही त्या मागें घेत नाहीं. पण टीका म्हणून कोणीं त्या पुढें केल्या तर आम्हीच प्रथम हरकत घेऊं. गेलेला मित्र असता तर त्यानें 'जागा कोणती ती सांग' एवढेंच म्हटलें असतें. बावीस वर्षें तो दुसरें कांहीं म्हणालाच नाहीं.

शिवाय कांहीं गेलें नाहीं हेंहि सर्वस्वीं खरें नव्हे. तारे देणाऱ्यांकडे बोलणाऱ्यांचें लक्ष असतें. हंसण्याला पांच तारे आणि मतभेदाला एक, असा हिशेब वर्षभर चालला म्हणजे ते मित्र काय करतील? हंसतील. ज्याला अल्बम कंटाळवाणा वाटला तो तसें म्हणावयाचें सोडून देईल. त्या मित्रांत भांडणारा एकच असेल तर तो गप्प बसण्यास फार वेळ लागत नाहीं, आणि तो गप्प बसला कीं, कार्यक्रमांत अल्बमचें नांव तेवढें राहतें.

येत्या रविवारीं आम्हीं सहकाऱ्यास सकाळींच बोलाविलें आहे. आमच्यापैकीं एकाकडे 'काइंड ऑफ ब्लू'ची जुनी तबकडी आहे, दुसऱ्याकडे सुधारलेली. यंत्राची गति आधीं तपासून ठेवूं. शेजारच्या बाईंची पेटीहि सांगून ठेविली आहे. त्यानें विचारलें, "अल्बम ऐकावयाला पेटी कशाला, सर?" आम्हीं म्हटलें, तूं ये तर खरा.